वरच्या आत्या, खालच्या आत्या आणि एक कवळी

कवळीमास्तरांनी एकोणतीस वर्षांत हजारो माणसांना दात बसवले, पण त्यातल्या एकाशीही ते धड दोन वाक्यं बोलले नव्हते. बसवले म्हणणंही तसं खरं नाही. बसवायचं काम पुढच्या खोलीत, डॉक्टरांचं. मास्तर मागच्या आठ बाय सहाच्या खोलीत बसून कवळ्या तयार करायचे. पुढून एका ताटलीत कुणाच्या तरी तोंडाचं माप, म्हणजे जबड्याचा ठसा, यायचं, मास्तर त्यात प्लास्टर ओतायचे, मेण लावायचे, एकेक दात रांगेत उभा करायचे, आणि चार दिवसांनी तयार कवळी त्याच ताटलीतून पुढे जायची. मग भिंतीपलीकडून "वा डॉक्टर, जादू आहे तुमच्या हातात" असं ऐकू यायचं आणि मास्तर पुढचं माप हातात घ्यायचे.

त्यांना याचं काही वाटत नसे. माणसांपेक्षा जबडे बरे, असं त्यांचं मत. जबडा चौकशा करत नाही, घाईत नसतो, आणि टेबलावर ठेवला की तिथेच राहतो. पंचाईत व्हायची ती रविवारी, चर्चमध्ये. मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात मास्तरांचंच काम होतं, आणि मास्तर समोरून येताना दिसले की हे सगळे लोक ओठ घट्ट मिटून घ्यायचे. कारण मास्तर माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, थेट तोंडात बघत. बघून झालं की "बरंय" म्हणत आणि पुढे सरकत.

बायको याच्या बरोबर उलट. गायनवृंदात वरच्या पट्टीत गायची आणि खाली उतरल्यावर त्याच पट्टीत बोलायची. घरात दोघांच्या वाट्याचं बोलणं ती एकटी उरकत असे. मंडळीने दूरच्या एका डोंगराळ गावात सेवादौरा न्यायचा ठरवला, तिथे दातांचं शिबिर भरवायचं ठरलं, तेव्हा मास्तरांचं नाव तिनेच परस्पर देऊन टाकलं.

"अहो, माणसांत जरा मिसळाल," ती म्हणाली.

"प्लास्टर वाळायचंय," मास्तर म्हणाले. हे त्यांचं कुठल्याही प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं.

पाळकसाहेबांचा गुडघा ऐनवेळी सुजला म्हणून दौऱ्याचं नेतृत्व पाळकबाईंकडे आलं. म्हणजे ते होतं तिथेच राहिलं, फक्त आता सगळ्यांना दिसायला लागलं. पाळकबाई, मास्तर, मास्तरांची बायको आणि दवाखान्यातली तरुण डॉक्टरीणबाई, असे चौघं निघाले. गाडीत बसल्याबरोबर पाळकबाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक वही ठेवली.

"पहिला ठसा फार महत्त्वाचा असतो," त्या म्हणाल्या. "गाव बघितल्याबरोबर जो ठसा उमटेल तो ताबडतोब लिहायचा. नंतर तो पुसट होतो."

मास्तरांनी थोडा विचार केला. "वरचा की खालचा?"

पाळकबाईंना वाटलं हा विनोद आहे, म्हणून त्या हसल्या. बायको हसली नाही. तिला माहीत होतं.

दोन दिवसांच्या प्रवासानंतर दुपार कलताना बसने त्यांना एका टेकडीच्या पायथ्याशी सोडलं. गावात रस्ता असा नव्हताच. होता तो एक दगडी जिना, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिल्यासारखी. तळाशी टपाल कचेरी, माथ्यावर चर्च. चाक असलेली एकही वस्तू नजरेला पडत नव्हती. पाळकबाई पायऱ्या मोजत चढायला लागल्या, पण एकशे चाळीसाव्या पायरीवर त्यांना देव आठवला आणि आकडा विसरला. डॉक्टरीणबाईंची हत्यारांची पेटी आणि मास्तरांची प्लास्टरची पिशवी दोन गवंड्यांनी न विचारता उचलली आणि ते गप्पा मारत पुढे निघूनही गेले.

मास्तरांनी मध्ये एका कट्ट्यावर बसून वही उघडली. समोरची घरांची रांग बघितली. मग त्यांनी लिहिलं: गाव दाटीवाटीचे. डावीकडे दोन ठिकाणी मोकळी जागा, पूर्वी काही असावे. उजवीकडचे एक घर पुढे आले आहे, तार लावावी लागेल.

उतरायची सोय चर्चला लागून असलेल्या घरात केली होती. त्या घरात चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या बाई राहायच्या. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटक, कमरेला बोटभर लांब किल्ली. गाव त्यांना वरच्या आत्या म्हणायचं. दार उघडून त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले, मान डोलावली, ओठ मिटून गोड हसल्या, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. खोल्या बोटाने दाखवल्या. हात धुवायची जागा बोटाने दाखवली. जेवायला वाफाळतं सूप आणि मऊ उकडलेले बटाटे ठेवले, आणि मास्तरांची बायको बारा प्रश्न विचारत असताना बाराही वेळा नुसती मान हलवली.

"बिचाऱ्या मुक्या आहेत," बायको खोलीत येऊन म्हणाली.

सकाळी सहाला तिचा हा समज संपला. वरच्या आत्या स्वयंपाकघरात कडक भाजलेला पाव आणि सफरचंदं मांडत होत्या, आणि बोलत होत्या. झोप लागली का, उशा उंच तर नाहीत, ही खिडकी वाऱ्याने आपटते तिच्यात कागदाची घडी सारायची, चर्चची घंटा डाव्या हाताने ओढली तरच वाजते, मागचा पाळक उंच होता त्याचं डोकं तीनदा चौकटीला लागलं, त्यातल्या दोनदा उपदेशाच्या आधी आणि एकदा नंतर, नंतरचा उपदेश बरा झाला. हे सगळं एका दमात, आणि मध्ये मध्ये सफरचंदाचे करकरीत घास. मास्तरांच्या बायकोला आयुष्यात पहिल्यांदा मध्ये बोलायला जागा मिळेना.

मास्तर आत्यांच्या तोंडाकडे बघत होते. कवळी, दोन्ही बाजूंची, बरीच जुनी. काम वाईट नव्हतं. वरच्या डाव्या सुळ्याशेजारचा दात किंचित आत वळलेला, आणि त्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका. "बरंय," ते म्हणाले.

साडेअकरापर्यंत आत्या बोलत राहिल्या. बाराला पाच मिनिटं कमी असताना त्या आपल्या खोलीत गेल्या, आणि बाहेर आल्या त्या पुन्हा कालच्यासारख्या. ओठ मिटलेले, गोड हसू, बोटाने खुणा.

पाळकबाईंनी हे बघितलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी वही काढली. 'येथील भक्त माध्यान्हीनंतर मौन पाळतात,' असं लिहून त्यांनी ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं.

"पण खाली गवंडी बोलत होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो खाटीक तर ओरडत होता."

"सगळे एकाच पायरीवर नसतात," पाळकबाई म्हणाल्या. जिन्याच्या गावात हे वाक्य फारच चपखल बसलं. आणि लगेच पाळकबाईंनी ठरवून टाकलं: आपण शिकवायला आलो, पण शिकायलाही हवं. आजपासून आपला गटही बारानंतर मौन पाळणार. डॉक्टरीणबाईंना सूट, कारण रोग्याला तोंड उघड म्हणायला तोंड उघडावं लागतं.

मास्तरांना हा नियम जाणवलाच नाही. त्यांची दुपार रोज अशीच जायची. बायकोचे मात्र हाल झाले. पहिले दोन तास तिने हातवारे केले. मग पाटीवर लिहायला लागली. मग शिबिराच्या रांगेत बसलेल्या एका सुताराच्या गालाला फडकं बांधताना ती इतक्या हावभावांनी त्याला धीर द्यायला लागली की तो माणूस घाबरून उठला आणि घरी गेला. संध्याकाळपर्यंत तिला उचकी लागली आणि ती थांबेना. पाळकबाईंनी वहीत लिहिलं की मौनाने आतलं काहीतरी हलतं.

बुधवारी दुपारी मास्तर टपाल कचेरीत गेले. प्लास्टरची एक पिशवी मागाहून टपालाने यायची होती, तिची चौकशी करायची होती. जिना उतरून ते दारात पोचले तेव्हा दारावर एक पाटी दिसली: सकाळी फक्त टपाल घेणे आणि देणे. चौकशी, तक्रारी व गप्पा दुपारी बारानंतर. मास्तरांना पाटी आवडली.

खिडकीच्या जाळीमागे एक बाई बसली होती. वरच्या आत्यांपेक्षा थोडी गोल, थोडी लहान, पण नाक डोळे तेच. गाव हिला खालच्या आत्या म्हणत असे. ह्या दोघी सख्ख्या बहिणी, हे गवंड्यांनी मास्तरांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. खालच्या आत्यांनी तोंड उघडलं.

"प्लास्टर ना? आलंय. पिशवीला बारीक भोक होतं, म्हणून तीन पत्रं आणि एक मांजर पांढरं झालंय. मांजर धुतलं. सही इथे करा."

मास्तरांनी सही केली नाही. ते जाळीला नाक लावून बघत राहिले. वरच्या डाव्या सुळ्याशेजारचा दात किंचित आत वळलेला. त्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका.

"सही करताय की दात मोजताय?" खालच्या आत्या म्हणाल्या.

मास्तर सही करून पिशवी घेऊन बाहेर पडले. सत्तर पायऱ्या चढून ते थांबले, कारण पायांपेक्षा डोकं दमलं होतं. माणसांचे चेहरे ते विसरत, नावं तर त्यांना कधी लक्षातच राहिली नव्हती, पण दात ते विसरत नसत. हे दात त्यांनी आज सकाळी सफरचंद खाताना बघितले होते, ते माथ्यावरच्या बाईच्या तोंडात. आता ते पायथ्याच्या बाईच्या तोंडात होते. म्हणजे चोरी झाली. बहिणीने बहिणीचे दात चोरले, आणि ती बिचारी वर गप्प बसून सूप पितेय. कुणाला सांगावं? पाळकबाईंना सांगितलं तर त्या सभा घेतील. बायकोला सांगितलं तर, मौन असो नसो, तासाभरात गावाला कळेल. मास्तरांनी ठरवलं, आपणच लक्ष ठेवायचं.

म्हणून गुरुवारी पावणेबाराला हा सज्जन, अठ्ठावन्न वर्षांचा, मंडळीतला इज्जतदार माणूस, परक्या घराच्या मागच्या अंगणात सरपणाच्या ढिगाऱ्याआड उकिडवा बसला होता.

बाराला पाच कमी असताना वरच्या आत्यांच्या खोलीची खिडकी उघडली. खिडकीबाहेर एक कप्पी होती, कप्पीवरून दोर, दोराला टोपली. आत्यांनी भिंतीकडे तोंड केलं, तोंडातून कवळी काढली, पेल्यातल्या मिठाच्या पाण्यात खळखळून धुतली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा टोपलीत ठेवून दोर सोडला. टोपली छपरांवरून डुलत डुलत खाली निघाली. वाटेत एका गच्चीवर धुणं वाळत घालणाऱ्या माणसाने तिला सवयीने एक हलका धक्का दिला, म्हणजे ती धुण्यात अडकू नये. पायथ्याशी टपाल कचेरीच्या मागच्या खिडकीतून एक हात आला आणि डबा आत गेला.

मास्तर उभे राहिले. सरपण ढासळलं. आत्यांनी वळून बघितलं.

मग आत्या तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "फांगू नका हं कुणाला. फगळ्या गावाला ठाऊक आहे. पण फांगू नका."

यावर एखाद्याने माफी मागितली असती, एखादा पळाला असता. मास्तर सरपणावरून चालत खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "असं होऊच शकत नाही. एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही. तोंड उघडा."

एकोणतीस वर्षांत कुठल्याही जिवंत माणसाशी झालेलं हे त्यांचं सगळ्यात लांब बोलणं होतं. आत्यांनी तोंड उघडलं.

मग सगळी हकिगत बाहेर आली. निम्मी आत्यांच्या बोबड्या बोलण्यातून, आणि उरलेली तासाभराने खालच्या आत्यांकडून, जाळीमागून. बारा वर्षांपूर्वी एक फिरता डॉक्टर गावात आला आणि मोठीला कवळी करून देऊन गेला. तो पुन्हा काही आला नाही. पुढे दोन वर्षांनी धाकटीचेही दात गेले. त्या सुमारास एका भाचीचं लग्न निघालं, धाकटीला फोटोत हसायचं होतं, म्हणून मोठीने एका दिवसापुरती आपली कवळी तिला दिली. ती बसली. उजवीकडे जरा हलायची, तिथे धाकटीने कापसाची छोटी घडी सारली. दोघींचा जबडा अगदी वडिलांवर गेलेला. तेव्हापासून सकाळ मोठीची, दुपार धाकटीची. रविवारी पाळीपाळीने, एकीने गायचं आणि दुसरीने ऑर्गन वाजवायचा, कारण ऑर्गनला दात लागत नाहीत. दहा वर्षांत कधी चुकलं नाही, कधी शब्दाने शब्द वाढला नाही. त्या दोघींसारखं जमणं अख्ख्या गावात कुणाचं नाही, हे सगळेच सांगायचे.

"मग शिबिरात का नाही आलात?" मास्तरांनी विचारलं.

"कोणी जायचं?" खालच्या आत्या म्हणाल्या. "ती म्हणते तू जा, मी म्हणते तू जा. आणि म्हणताही कसं येतं? जिच्या तोंडात दात ती म्हणते, दुसरी मान हलवते."

मास्तरांनी दोघींची मापं घेतली. नालाच्या आकाराच्या ट्रेमध्ये लगदा भरून, स्वतःच्या हाताने, स्वतः समोर उभं राहून. वरच्या आत्या मापाचा लगदा तोंडात असतानाही काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होत्या. खालच्या आत्यांना हसू आलं आणि त्यांचं माप तीनदा घ्यावं लागलं. प्लास्टरचे दोन्ही जबडे शेजारी ठेवून मास्तर पंधरा मिनिटं नुसते बघत बसले. उजवीकडचा थोडा उतार सोडला तर फरक नव्हता. त्यांनी वहीत पहिल्यांदाच मनापासून लिहिलं: गावचा ठसा उत्तम आला. दोन्ही.

शुक्रवार आणि शनिवार त्यांनी वरच्या आत्यांच्या स्वयंपाकघराचा कारखाना केला. खिडकीत प्लास्टर, चुलीवर मेण, आणि मोठ्या सुपाच्या पातेल्यात पितळी साचे उकळत. डॉक्टरीणबाई अधूनमधून येऊन चावा, म्हणजे वरखालचे दात नीट जुळतात का, ते तपासून जायच्या. बशीत गुलाबी पावडर भिजवून ठेवली होती, ती लोण्यासारखी मऊ झाली तेव्हा पाळकबाई आत आल्या, त्यांनी बशी बघितली, दोन्ही हात जोडून डोळे मिटले, अन्नाबद्दल मुक्याने आभार मानले आणि चमचा उचलला. मास्तरांनी तो वरच्या वर धरला.

"ह्या हिरड्या आहेत," ते म्हणाले.

पाळकबाईंनी मौन मोडलं. काय म्हणाल्या ते वहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी नवी कवळी तयार झाली. घासून, पुसून, काचेसारखी. ती कोणी घालायची यावर बराच वेळ दोर वर-खाली होत राहिला. टोपलीतून चिठ्ठ्या जात होत्या. 'नवी तू घे.' 'छे, तू मोठी, तू घे.' 'तुझ्या उजव्या बाजूला त्रास, तू घे.' अखेर उजव्या बाजूचा मुद्दा जिंकला आणि नवी कवळी पायथ्याला गेली.

रविवारी चर्च भरलं. दोघी बहिणी दहा वर्षांत पहिल्यांदाच एका वेळी दात घालून आल्या होत्या, आणि गावाने ते बघायला गर्दी केली होती, तरी चेहऱ्यावर कुणी दाखवत नव्हतं. गीत सुरू व्हायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की दोघीही गायला उभ्या आहेत आणि ऑर्गनवर कुणीच नाही. मास्तरांची बायको धावली आणि तिने कसाबसा सूर धरला.

मोठी सावकाश गात होती. एकेक शब्द हातात घेऊन, वळवून बघून खाली ठेवत होती. धाकटी भरभर निघाली होती, मागे कुणीतरी लागल्यासारखी. दुसऱ्या ओळीपर्यंत दोघींत चार शब्दांचं अंतर पडलं. डावीकडचे लोक मोठीबरोबर राहिले, उजवीकडचे धाकटीबरोबर गेले. ऑर्गनवर मास्तरांची बायको एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे, आणि शेवटी तिने एक हात एकीला दिला आणि दुसरा दुसरीला. उजवी बाजू आमेन म्हणून खाली बसली तेव्हा डाव्या बाजूचं अख्खं एक कडवं शिल्लक होतं.

उपासना संपली आणि दोघी बाहेर जिन्यावर आल्या.

"तू मला दहा वर्षं पळवलंस," मोठी म्हणाली. "मी गायची आणि तू ऑर्गन असा हाणायचीस की मला श्वास घ्यायला फुरसत नाही."

"आणि तू मला दहा वर्षं झोपवलंस," धाकटी म्हणाली. "मी पुढे पळायची आणि तू मागून दाबून धरायचीस. मला वाटायचं ऑर्गन बिघडलाय. दोनदा तेल घातलं मी त्याला."

तिथून ते सुरू झालं. दहा वर्षं एका वेळी एकच जण बोलू शकत होती. उलट उत्तर द्यायचं म्हणजे आधी समोरचीने दात काढून द्यायला हवेत, धुवायला हवेत, डब्यातून यायला हवेत, आणि तोवर राग थंड व्हायचा. आता कसली वाट बघायची गरज नव्हती. निळ्या पडद्याचं निघालं, शिडी कुणी मोडली ते निघालं, वडिलांच्या घड्याळाचे काटे कुणी मागे फिरवले ते निघालं, भाचीच्या लग्नाच्या फोटोत कोण जास्त हसलं ते निघालं. दोघी एकदमच बोलत होत्या. लोक पायऱ्यांवर बसले. खाटकाने आपल्या घरच्यांसाठी उशा मागवल्या.

पाळकबाईंचा चेहरा उतरला. "आपण शांती घेऊन आलो होतो," त्या पुटपुटल्या. "आपण हे काय करून बसलो? चला, प्रार्थना करू या. मास्तर, तुम्हीही या."

"थांबा बाई," मास्तर म्हणाले. "मी बघतोय."

ते सगळ्यात पुढच्या पायरीवर उभे होते आणि त्यांची नजर धाकटीच्या तोंडावरून हलत नव्हती. ती ओरडत होती, दात-ओठ खात होती, 'घड्याळ' म्हणत होती, 'ठेचलंस' म्हणत होती, 'स्वार्थी' म्हणत होती, आणि कवळी जागची हलत नव्हती. खट्‌ नाही, खुट्‌ नाही. उजवी बाजूसुद्धा नाही. एकोणतीस वर्षांत त्यांनी आपलं काम असं उन्हात, भर जोरात, कामाला लागलेलं कधी बघितलं नव्हतं. सव्वा तास ते तसेच उभे होते. घसा बसल्यावर दोघी बहिणी खाली बसल्या तेव्हा त्यांनी पुढे होऊन विचारलं, "कुठे टोचतंय का?"

"कुठेच नाही," धाकटी घोगऱ्या आवाजात म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं होतं. "मास्तर, गेल्या दहा वर्षांत इतकं बरं नव्हतं वाटलं."

"माझं अजून घड्याळाचं राहिलंय," मोठी म्हणाली.

"उद्या बोलू."

"सकाळी ये."

सोमवारी चौघं निघाले. दोघी बहिणी पायथ्यापर्यंत सोडायला आल्या, वाटभर घड्याळावर वाद घालत. पाळकबाईंनी बसमध्ये वहीतलं मौनाचं पान हळूच फाडलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. मास्तरांची बायको आठवडाभराचं साठलेलं बोलायला लागली ती रेल्वेच्या स्टेशनापर्यंत थांबली नाही, आणि मास्तर चक्क मधून मधून उत्तरं देत होते. तिला वाटलं यांना ताप आलाय. तिने दोनदा कपाळाला हात लावून बघितला.

तीन महिन्यांनी मास्तरांच्या नावाने टपाल आलं. पाकिटावरचं अक्षर एकीचं, आतलं दुसरीचं. लिहिलं होतं की कवळी छान आहे, भांडण छान चाललंय. घड्याळाचा निकाल लागला, चूक वडिलांचीच होती. आता एक नवीनच अडचण आहे. रोज दुपारी तासभर दोघी आपापले दात काढून मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि जिन्यावर गुपचूप बसतात. तो तास दोघींना हवासा वाटतो, इतक्या वर्षांची सवय आहे. पण नंतर कोणती कवळी कुणाची हे ओळखू येत नाही, कारण नवीही आता चहाने जुनीसारखी दिसायला लागली आहे, आणि टवक्याकडे बघायचं तर आधी चष्मा सापडत नाही. त्यावरूनही भांडण होतं, ते बरंच आहे, पण एकदा धाकटीने कापूस न सारता जुनी घालून उरलेली अख्खी दुपार 'पत्र' ऐवजी 'फत्र' म्हटलं. तर आतल्या बाजूने सुईने एक खूण खरवडली तर चालेल का?

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. मग बायकोकडून कागद मागून घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'सुई अजिबात लावू नये. खूण मी करतो. पुढच्या महिन्यात येतो.'

"एकटे जाणार?" बायकोने विचारलं.

"तूही चल," मास्तर म्हणाले. "ऑर्गनला कोणीतरी लागेल."